कोण हाललं?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरून डावीकडे वळलं की एका गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. पाटी काहून नाही असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ज्याचा बिघडला त्याले सापडते. ज्याचा बिघडला नाही त्याचं इथं काय काम?"

आधी तो घड्याळं दुरुस्त करायचा. पुढं घड्याळं सेलवर चालायला लागली, बिघडलं की लोक नवीन घ्यायला लागले, तेव्हा तो कॅमेऱ्यांकडे वळला. सगळे त्याला डाक्टर म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणायचो. इथं 'तो' लिहितो, कारण मनात तो तोच आहे.

गिऱ्हाइकाला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, गावानं मारायचा. "ओ बाळापूर, तुहा शटर झाला." "कारंजा, बस जरा, उन्हातून आला." एकदा अकोल्याचाच माणूस आला तर त्याला काय म्हणावं हे सुचेना, शेवटी "ओ इथलाच" असं नाव ठेवलं आणि तेच पुढं वीस वर्षं चाललं. मी अमरावती. अमरावतीचे आणखी तिघं त्याच्याकडे जायचे, पण त्यांना त्यानं बडनेरा, राजापेठ आणि कॅम्प अशी नावं वाटून दिली होती. अख्खी अमरावती माझी. हे मी त्या तिघांना सांगून ठेवलं होतं.

माझं शिक्षण चौथी. मास्तरनं छडी मारली, मी ती हिसकून मोडली आणि घरी आलो. मास्तर दोनदा बोलवायला आला, मी गेलो नाही. पण चाळीस वर्षं अमरावतीत फोटो स्टुडिओ चालवला, लग्नांचे फोटो काढले, त्याच्यावर घर बांधलं आणि पोरगा शिकवला. मला कोणी कॅमेऱ्यातलं शिकवलेलं आवडत नाही. डाक्टरचं तेवढं ऐकायचो, आणि तेही कधीकधी वाद घालून.

त्याच्या दुकानाचे कायदे होते. पहिला चहाचा. गिऱ्हाइकाला मागवून द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही. कॅमेरा उघडायचा तो पडद्याआड. दुकानाच्या मागच्या अंगाला खाकी कापडाचा एक जाड पडदा होता, त्याच्या पलीकडे त्याच्या बायकोशिवाय कोणी गेलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, डाक्टर आपली विद्या झाकून ठेवते. आणि पावती गिऱ्हाइकानंच लिहायची. दवाखान्याच्या चिठ्ठीसारखे कागद कापून ठेवलेले असायचे, एक तुझ्यासमोर सरकवायचा, "लिही" म्हणायचा आणि छताकडे पाहत सांगायचा.

"लिही. शटरचा पडदा तेलकट. आतमधी रेती. रोगी घाबरलेला हाये."

"रोगी कोन, डाक्टर? कॅमेरा का मी?"

"दोघंबी लिही."

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी धरते. लोक सांगत, डब्यात तांदूळ घाल आणि त्यात लेन्स ठेव, ओल ओढली जाते. आमच्या घरी तांदूळ सणावारी, मी ज्वारीच्या कोठीत ठेवली. दोन महिने ठेवली. काढली तर आत सगळं पीठ. डाक्टरकडे नेली. त्यानं मला ती खिडकीतल्या उजेडाकडे धरायला लावली आणि स्वतः हात पाठीमागं बांधून, वाकून, एक डोळा मिटून पाहत राहिला.

"ऐकलं का व?" त्यानं आत बायकोला हाक मारली. "अमरावतीनं लेन्स दळाले आनली."

आतून वहिनी म्हणाली, "मंग चाळणी देऊ का?"

दोघं नवरा-बायको माझ्यावर हसले. मी रागानं उठलो. "बस," तो म्हणाला. "ज्वारी खाणाऱ्या घरात ज्वारीतच ठेवीन ना मानूस. लिही. बुरशी नाही. फक्त जेवली."

आता त्याच्या त्या प्रश्नाचं सांगतो. हललेला, फिस्कटलेला फोटो घेऊन कोणी आला आणि कॅमेऱ्यात बिघाड आहे म्हणाला की तो कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. फोटो टेबलावर ठेवायला सांगायचा आणि विचारायचा, "कोन हाललं?"

गिऱ्हाइकाला कळायचं नाही. मग तो समजावून सांगायचा. नवरीचा हातच तेवढा फिस्कटला आणि मागचा मांडव स्वच्छ आहे, तर नवरी हालली. नवरीही फिस्कटली आणि मांडवाचा खांबही फिस्कटला, तर खांब काही हालत नाही, म्हणजे तू हालला. आणि सगळंच धुरकट असलं तर म्हणायचा, "कोनी हाललं नाही. तू झोपला होता. फोकस लाव." अर्ध्या लोकांना तो कॅमेरा न उघडताच परत पाठवायचा. कमाई अशी बुडवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

हाताची परीक्षा घ्यायचीही त्याची एक रीत होती. वहिनी पाण्याचा स्टीलचा पेला आणायची, काठोकाठ भरलेला. "धर, पिऊ नको," म्हणायचा, आणि मग कापसाचं, उन्हाचं, कोणाच्या पोरीच्या लग्नाचं काहीबाही बोलत बसायचा. पाच मिनिटांनी फरशीकडे पाहायचा. फरशीवर किती पाणी सांडलं त्यावर तो माणूस शटर किती मंद ठेवून, कोणत्या स्पीडला फोटो काढू शकेल ते सांगायचा. वहिनी चिडायची. "पाहुन्यांले पानी देते लोक. हा मानूस परीक्षा घेते."

पहिल्या खेपेला मी पेला धरला तर एक थेंब सांडला नाही. दहा मिनिटं झाली तरी नाही. डाक्टर फरशीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अमरावती, तुह्या हातात स्टँड हाये."

हे वाक्य मी अमरावतीत किती जणांना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. लग्नात दुसरे फोटोवाले तीन पायांचं स्टँड घेऊन यायचे तर मी मुद्दाम त्यांच्या बाजूला उभा राहून नुसत्या हातानं काढायचो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मला लांबची लेन्स घ्यायची होती. स्टेजवरचं दुरून काढता यावं म्हणून. अमरावतीतल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोट्ट्यानं दोन लेन्सा पुढं ठेवल्या. दिसायला सारख्याच, एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट.

"काका, हिच्यात स्टॅबिलायझर आहे."

मी स्टेबलायझर एकच ओळखत होतो. आमच्या फ्रिजच्या बाजूला भिंतीला ठोकलेला, काटा थरथरणारा डब्बा. लाइन कमी-जास्त झाली की टक्कन आवाज करणारा. मी म्हटलं, "माहा कॅमेरा सेलवर चालते. त्याले लाइनचं काय भेव?"

पोट्टा हसला. बाजूचा दुसराही हसला. मी दोन्ही लेन्सा काउंटरवर ठेवल्या आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो आणि डाक्टरला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, लेन्सच्या आत एक काच झुलती ठेवलेली असते, हात जिकडं हालला त्याच्या उलटी ती सरकते, आणि चित्र जागच्या जागी राहते. मग वहिनीला पेला आणायला सांगितला. मी धरला. तो बोलत राहिला. फरशी कोरडी.

"तुले लागत नाही. बिनाची घे. ज्याचा पाय मोडला नाही त्यानं कुबडी कायले घ्यावी?"

मी बिनाची घेतली. आणि अमरावतीत सांगत फिरलो की स्टॅबिलायझर म्हणजे कुबडी.

त्या मशीनबद्दल त्याचा राग होता असं मात्र नाही. जठारपेठेतला एक हौशी वकील एकदा तावातावानं आला. महागातली, स्टॅबिलायझरवाली लेन्स, भलं मोठं स्टँड, पाखरांचे फोटो काढायला गेला आणि सगळे हाललेले. म्हणे लेन्स फसवी आहे, मी केस करतो. मी तिथंच बसलो होतो.

डाक्टरनं विचारलं, "ओ जठारपेठ, बटन चालू होतं का?"

"अर्थात चालू होतं. त्याचेच तर पैसे दिले."

"स्टँडवर?"

"स्टँडवरच."

"स्टँड हालत नाही, आन् आतलं मशीन कोन हाललं ते शोधून राहिलं. सापडलं नाही का स्वतःच हालते. काही नवीन मशीनीले समजते, तुहीले समजत नाही. स्टँडवर ठेवशीन तवा बटन बंद करत जा. जा घरी."

वकिलानं फी विचारली. डाक्टर म्हणाला, "बटन बंद कराची काय फी? चालू कराची असती तं घेतली असती." याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही, वकिलालाही लागला नसावा.

आता माझ्या हाताकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी सकाळी चहाचा कप बशीवर वाजला. मला वाटलं बशी खराब आहे. बशी बदलली. ती पण वाजली. मी कपातून प्यायचं बंद करून ग्लासातून प्यायला लागलो आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही. स्टुडिओत उजेड भरपूर असतो, पासपोर्टचे फोटो निघायचे. लग्नं मी पोराच्या हवाली केली, म्हटलं कंटाळा आला.

पण नात मलखांब खेळते. दोरीचा. छतातून लोंबणारी सुती दोरी, ती पायाच्या अंगठ्यात पकडून वर चढते आणि वर जाऊन आसन लावते, दोरीवर आडवी झोपते, दोन गिनती थांबते आणि झुळकन खाली येते. ती पहिल्यांदा खेळली तेव्हापासून तिचे फोटो मी काढत आलो. मागच्या वर्षी तिच्या स्पर्धेत मी हॉलच्या गॅलरीत बसून दीडशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले, एकही धड नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड धरायची ताकद, चढवून काढलेले होते तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. नातीनं सगळे पाहिले.

"मस्त आले, आबा."

नंतर मी पाहिलं, तिनं मोबाईलवर त्यातला एकही लावला नाही. मैत्रिणीनं मोबाईलवर खालून काढलेला, तिच्या टाचाच मोठ्या दिसणारा एक फोटो लावला. पोट्टी माझ्यासाठी खोटं बोलली होती. मला कोणी खोटं बोललेलं चालते, दया केलेली चालत नाही.

यंदा तिची विभागाची निवड होती, त्याच हॉलमध्ये. पोरगा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमी खाली खुर्चीवर बसून निवांत पाहा. मी काढतो मोबाईलवर."

नात म्हणाली, "नाही. आबाच काढतीन."

"अगं, आबाचा हात..." सून बोलायला लागली आणि थांबली. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. बशीही सगळ्यांनी ऐकली होती.

मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी मागच्या वर्षीचे चार फोटो मोठे करून छापले, पिशवीत टाकले आणि अकोल्याची बस धरली. एप्रिल महिना. मूर्तिजापूरच्या पुढं बसच्या खिडकीची सळई हाताला चटका द्यायला लागली. बसमध्ये मी ठरवून टाकलं की फोटो दुसऱ्या कोणाचे आहेत असं सांगायचं.

दुकानात गेलो. डाक्टर बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्याची बसायची ती जुनीच ढब.

"ये अमरावती. वाळला तू."

वहिनीनं पेला आणला. त्या घराला काठोकाठ भरायची सवयच झाली होती.

"घ्या भाऊ. काय ऊन हाये बाई."

"नको वहिनी. तहान नाही."

डाक्टर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला. "अकोल्याच्या एप्रिलात बसमधून उतरून तहान नाही म्हनते," असं तो स्वतःशीच बोलला. मग वहिनीला म्हणाला, "ठेव तिथं. त्याले लागीन तवा घेईन."

मी फोटो काढून टेबलावर मांडले. "हे माह्या एका गिऱ्हाइकाचे हायेत. त्याले विचाराचं हाये, स्टॅबिलायझरवाली लेन्स घ्यावी का. दुप्पट किंमत हाये म्हने अजूनबी."

"गिऱ्हाइकाचं वय?"

"असंन सत्तरीच्या घरात."

"शिकलेला हाये का?"

"थोडाफार."

"चौथी?"

मी फोटो सरळ करत राहिलो. त्यानं मांड्यांखालून हात काढले, पाठीमागं बांधले आणि फोटोवर वाकला.

"कोन हाललं?"

"पोरगी हालली. दोरीचा मलखांब हाये, डाक्टर. दोरीच हालते तं पोरगी हालीनच ना."

हे उत्तर मी मूर्तिजापूरलाच तयार करून ठेवलं होतं आणि मला ते पक्कं वाटत होतं.

"हे मांगं भिंतीवर काय हाये?"

"घडी."

"किती वाजले तिच्यात?"

मी वाकून पाहिलं. घड्याळाला चार काटे दिसत होते. आकड्यांच्या मागं आकडे.

"घडीबी दोरीले बांधली होती का?" डाक्टर म्हणाला.

आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. मी भिंतीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. मग म्हटलं, "हात हालते, डाक्टर." तीन वर्षांत हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं होतं.

त्यानं वाईट झालं म्हटलं नाही, दवाखाना विचारला नाही. उठला, खाकी पडद्यापाशी गेला आणि पडदा कोपरानं बाजूला सारला.

"ये आत."

आत एक टेबल, एक दिवा आणि टेबलाला खेटून दोन हातांची एक लाकडी खुर्ची. खुर्चीच्या उजव्या हातावर जुन्या कॅमेऱ्याचा गळ्यात घालायचा पट्टा फास करून ठोकलेला. टेबलावर जुन्या पँटच्या पायाची शिवलेली एक पिशवी, आत रेती भरलेली. खुर्चीत बसून त्यानं उजवा हात माझ्यासमोर मोकळा धरला.

तो हात माझ्यापेक्षा जास्त हालत होता. पंख्याखाली कागद हालतो तसा.

"पंचवीस वर्षं झाली," तो म्हणाला.

"पंचवीस वर्षं? मंग माह्या लेन्सा कोनं..."

"ह्याच हातानं."

त्यानं मनगट पट्ट्यात घातलं, दातानं पट्टा ओढून आवळला, हात रेतीच्या पिशवीवर ठेवला आणि पेचकस उचलला. टेबलावर उघडलेल्या कॅमेऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू होता. पेचकस सरळ त्याच्या खाचेत जाऊन बसला. एका दमात.

"स्क्रूले माहीत नाही हात कोनाचा हाये आन् कायनं बांधला हाये. त्याले पेचकस सरळ पाहिजे बस."

बाकीचं सगळं आता एकेक करून डोक्यात यायला लागलं. त्यानं चहा घ्यायचा नाही, पावती आम्हीच लिहायची, लेन्स आम्हीच धरायची, हात नेहमी पाठीमागं. आम्हाला वाटायचं सनकी आहे.

"पडदा काहून लावला मंग?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? लाज. ज्याच्या हाताले अख्खा जिल्हा डाक्टर म्हनते त्याचा हात हालते हे कोनाले दाखवू?" तो पट्टा सोडवायला लागला. "पडद्याआड वारा लागत नाही, अमरावती. पंचवीस उन्हाळे मी इथं घामानं काढले. एवढ्याचसाठी का कोनी पाहू नये. ही बाई रोज म्हनते पडदा काढा."

"म्हनतेच," वहिनी बाहेरून म्हणाली. "मी मेल्यावर काढतीन."

"तू नको लावू पडदा," डाक्टर मला म्हणाला. "तुले त्या दुकानात पोट्टे हासले होते ना, फ्रिजचा डब्बा म्हनला म्हनून? तू बरोबर बोलला होता. मी तवाच सांगाले पाहिजे होतं, मले गंमत वाटली तुह्या हाताची, म्हनून राहून गेलं. लाइन वर-खाली झाली का फ्रिज खराब होऊ नये म्हनून डब्बा लावतो आपन. फ्रिजले लाज वाटते का? तुही लाइन वर-खाली होऊन राहिली. डब्बा लाव."

"तुमीच म्हनले होते कुबडी हाये."

"पाय मोडला नाही तवा म्हनलो होतो. आता मोडला."

त्याचं असंच होतं. वाद घालायला जागा ठेवायचा नाही. मग बाहेर बाकावर येऊन त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली. गॅलरी दोरीपासून किती दूर? फ्लॅश चालते का? मी म्हटलं, फ्लॅश मारला आणि वरच्या पोरीचे डोळे दिपले तर हात सुटेल, बंदीच आहे. स्टँड? गॅलरीची पायरी वीतभर, लोक येतात-जातात, ठेवू देत नाहीत.

"आता आखरीचं सांग. पोरगी वर थांबते का?"

"आसन लावते तवा दोन गिनती थांबते."

"मंग घे. डबल किंमत देऊन घे. थांबत नसती तं मी घेऊ नको म्हनलं असतं. ध्यानात ठेव, हे मशीन तुले थांबवते, पोरीले नाही थांबवत. चढतानी काढू नको, उतरतानी काढू नको. थांबली का काढ." त्यानं कागद सरकवला. "लिही."

मी लिहिलं. मग टेबलावरचा पेला उचलला. काठोकाठ होता. थोडं पाणी फरशीवर सांडलं, थोडं माझ्या सदऱ्यावर, बाकीचं मी एका दमात प्यालो. डाक्टर फरशीकडे न पाहता गल्लीकडे पाहत होता.

लेन्स मी त्याच अमरावतीच्या दुकानातून घेतली. तो पोट्टा आता मालक झाला होता, त्याला टक्कल पडलं होतं. "काका, स्टॅबिलायझर पाहिजे म्हणता?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "होय. माही लाइन कमी-जास्त होते." या वेळी तो हसला नाही. पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती लेन्सच्या बाजूच्या त्या काळ्या बटनाची. ते सरकवलं की आपण कबूल केलं, असं मला वाटत राहिलं, आणि घरी मी दोन दिवस ते बंद ठेवूनच सराव केला.

निवडीच्या दिवशी गॅलरीत बसलो. बाजूला पोरगा, हातात मोबाईल धरून. नात दोरीला हात लावून उभी राहिली, वर पाहिलं, आणि मग एकदा गॅलरीकडे पाहिलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोरी, पोरगी, मागची भिंत, सगळं थरथरत होतं. तीन वर्षांत मी जग असंच पाहत आलो होतो आणि त्याची सवयही झाली होती.

अंगठ्यानं बटन सरकवलं आणि फोटोची कळ अर्धी दाबली. लेन्सच्या आत माशी गुणगुणावी तसा बारीक आवाज झाला आणि चित्र थांबलं. दुधावर साय धरावी तसं हळूच, जागच्या जागी थांबलं. भिंतीवरची घडी दिसली. सव्वाअकरा वाजले होते. काटे दोन.

नात वर गेली. मी दाबलं नाही. पोरगा कुजबुजला, "बाबा, काढा ना, चढून राहिली." मी म्हटलं, "गप बस. थांबू दे तिले." ती वर पोचली, पाय गुंडाळले, दोरीवर आडवी झाली, हात पसरले. एक. दोन. मी श्वास रोखून दाबलं.

घरी नातीनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "आबा, माह्या अंगठ्यातल्या दोरीचे पीळ मोजता येते." तिनं चेहरा पाहिला, कानातली रिंग पाहिली. मग म्हणाली, "फक्त वेणी तेवढी फिस्कटली."

"ती हालत होती," मी म्हटलं.

संध्याकाळी तिच्या मोबाईलवर मी काढलेला फोटो लागला. मी पाहिला नाही असं दाखवलं.

त्याची एक मोठी प्रत काढून मी अकोल्याला द्यायला निघणार होतो, तर वहिनीचा फोन आला. दुकान बंद केलं, दोघं खामगावला मुलीकडे राहायला गेले. पुढं कधी तरी मी त्या गल्लीतून गेलो, तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पडदा नाही. पंखा भर्रकन फिरत होता.

फोटो टपालानं खामगावला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत दवाखान्याच्या चिठ्ठीसारखा कापलेला कागद. मला वाटलं वहिनीनं किंवा मुलीनं लिहिलं असेल. पण अक्षर त्याचं होतं. इतक्या वर्षांत त्याचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहत होतो. काना सरळ नाही, वेलांटी भलतीकडे, रेघेवरची अक्षरं रेघेखाली उतरलेली. कोणी धरून, बांधून लिहिलेलं नव्हतं. मोकळ्या हातानं लिहिलं होतं. चष्मा लावून मी एकेक अक्षर लावत गेलो.

अमरावती,
पोरगी हालली, वेणीपुरती. तू नाही.
स्टँडवर ठेवशीन तवा बटन बंद कर.